मदत हवी आहे: गुरुवारी टाउन हॉलमध्ये मेडिकेडबद्दल बोलायचंय, २ मिनिटांत काय सांगू?

निशिगंध_०७
घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. गुरुवारी टाउन हॉल (लोकांशी खुली सभा) आहे, मेडिकेड म्हणजे सरकारी आरोग्य विमा, त्यातला वेव्हर (नेहमीचे नियम शिथिल करून घरी सेवा देणारी योजना) कापणार म्हणतायत आणि आमच्या पालकांच्या ग्रुपने माझं नाव पुढे केलंय, कारण बाकीच्यांना रजा नाही नाहीतर मूल अ‍ॅडमिट आहे. मुलाला ट्रेक (गळ्यात श्वासाची नळी) आहे, जी-ट्यूब (पोटात अन्नाची नळी) आहे, रात्री नर्स येते म्हणून आम्ही दोघं झोपतो आणि सकाळी कामावर जाऊ शकतो. ती गेली तर एकाला नोकरी सोडावी लागणार. २ मिनिटंच मिळतात. तीनदा लिहून काढलं, तिन्ही वेळा वाचायला ६ मिनिटं लागली आणि ट्रेक बसवला त्या रात्रीपर्यंत आलं की माझा आवाजच जातो. काय ठेवू, काय काढू? कोणी असं बोललंय का आधी? प्लीज लवकर सांगा.

पायवाट
कुठलं राज्य? टाउन हॉल कोणाचा, काँग्रेसमनचा की राज्यातल्या कोणाचा? आणि वेव्हर कुठला? हे कळल्याशिवाय काही सांगणं अवघड आहे.

जुनं_खोड
राज्य कुठलंही असो, मनापासून बोला, बाकी काही लागत नाही. २०१७ ला ओबामाकेअर (ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा) रद्द करायचं बिल हाउसमध्ये २१७-२१३ ने पास झालं तेव्हा आम्ही हाय खाल्ली होती. आमच्याकडच्या टाउन हॉलला लोक बाहेर थंडीत उभे होते, मीही होतो, बायकोच्या केमोबद्दल बोललो. पुढे २८ जुलैला सिनेटमध्ये ते प्रकरण ४९-५१ ने पडलं, कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि मॅकेन विरोधात गेले म्हणून. लोक बोलले नसते तर हे झालं असतं का? कागद घरी ठेवा, डोळ्यात बघून बोला.

उंबरठा
नोकरी गेली तर कोब्रा मिळतं, म्हणजे कंपनीचाच आरोग्य विमा पुढे चालू ठेवता येतो. ६० दिवसांत ठरवायचं, सहसा १८ महिने चालतं, प्रीमियम मात्र पूर्ण आपण भरायचा, वर २ टक्के. ६० दिवसांची मुदत अजिबात चुकवू नका, आमच्या ओळखीत एकांची चुकली आणि नंतर फार त्रास झाला.

निशिगंध_०७
उंबरठा, थँक्स, पण नोकरी गेलेली नाहीये, ती जाऊ नये म्हणूनच चाललंय सगळं. पायवाट, राज्य नको लिहायला, ग्रुपमधले बरेच इथे वाचतात. राज्याच्या कॅपिटॉलमध्ये आहे, बजेट कमिटीसमोर. वेव्हर मुलांचा, आमचं उत्पन्न धरत नाहीत तो.

पायवाट
अहो मग हा टाउन हॉल नाही, पब्लिक हिअरिंग आहे! तिथले नियम वेगळे. बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, कधीकधी आदल्या दिवशीच यादी बंद होते. आधी कमिटीच्या क्लार्कला फोन करा, नाव कधीपर्यंत घेतात, लेखी टेस्टिमनीच्या किती कॉपी लागतात, वेळ खरंच २ मिनिटं का, आणि तुमचा आयटम कितवा. लेखी देता आलं तर ती ६ मिनिटांची गोष्ट तशीच्या तशी लेखी द्या, एक शब्द कापू नका, तोंडी फक्त गाभा बोला.
आणि प्रस्तावात नेमकं काय लिहिलंय? 'वेव्हर कापणार' म्हणजे काय कापणार?

निशिगंध_०७
फोन केला. यादी उद्या दुपारी २ ला बंद होणार होती!! माझं नाव गेलं, १७ वा नंबर. हे कोणीच सांगितलं नव्हतं, देवासारखे धावून आलात. प्रस्तावात दोन गोष्टी दिसतायत, रेस्पाइटचे (घरच्यांना थोडी विश्रांती मिळावी म्हणून मिळणाऱ्या मदतीचे) तास निम्मे आणि वेव्हरचे स्लॉट, म्हणजे जागा, कमी. नर्सचं नाव कुठेच नाही. मग नर्स जाणार असं ग्रुपमध्ये का म्हणतायत?

शेवंती
निशिगंध, माझी मुलगी ११ वर्षं वेव्हरवर होती म्हणून सांगते. २१ च्या आतल्या मुलाला मेडिकेड असेल तर त्याला वैद्यकीय गरज असलेली सेवा राज्याला द्यावीच लागते, ईपीएसडीटी म्हणतात त्याला, नर्सिंग त्यात येतं. पण वेव्हर देणं राज्याच्या मर्जीवर आहे, स्लॉट किती हे राज्यच ठरवतं. तुझ्या लेकाला मेडिकेड मिळालंय तेच मुळी वेव्हरच्या दारातून, कारण तुमचा पगार धरला तर तो बसत नाही. म्हणजे स्लॉट गेला की मेडिकेड गेलं आणि मेडिकेड गेलं की नर्सचा हक्कही गेला. म्हणून नर्सचं नाव तिथे दिसत नाही. कमिटीतल्या अर्ध्या लोकांना ही साखळी माहीतच नसते गं, तुझ्या २ मिनिटांत ती सांग. आणि विचार, आत्ता ज्यांच्याकडे स्लॉट आहे त्यांचे काढणार का नवीन देणं थांबवणार? उत्तर त्यांच्या तोंडून रेकॉर्डवर येऊ दे.

जुनं_खोड
शेवंतीताई, मान आहे, पण अशी कलमं सांगत बसलं की समोरचे फोन बघायला लागतात. आईचं दुःख कळलं पाहिजे.

शेवंती
दुःख रोज ऐकतात हो ते. आमच्या वेळी एका बाईंचं ऐकून सगळे रडले आणि तास कापलेच, कारण त्यांनी काही मागितलंच नव्हतं. गोष्ट सांगायची ती मागणीपर्यंत पोचायला. केटी बेकेटचंच बघा, आयोवातली लहानगी, व्हेंटिलेटरवर, हॉस्पिटलात ठेवलं तर मेडिकेड पैसे देणार आणि घरी नेलं तर बंद. १९८१ ला रेगननी पत्रकारांसमोर तिचं उदाहरण दिलं, तिला घरी सोडलं आणि १९८२ च्या कायद्यात राज्यांना तशा मुलांसाठी वाट मिळाली. तिची गोष्ट ऐकली की नियमात चूक कुठे आहे ते एका वाक्यात कळायचं.

दूरदेशी
या देशात हे भीक मागणं कधी संपणार? कॅनडात सॅस्कॅचवन प्रांताने १९६२ लाच सरकारी आरोग्य विमा सुरू केला सगळ्यांसाठी. मूळ प्रश्न तो आहे.

पायवाट
दूरदेशी, तो धागा वेगळा काढा, मीही येतो तिकडे. इथे गुरुवार आहे.
निशिगंध, बजेट कमिटी आहे तर पैशाचं एक वाक्य हवंच. मेडिकेडच्या अशा खर्चात केंद्राचा वाटा कमीत कमी ५० टक्के असतो. म्हणजे राज्याने १ डॉलर वाचवला की केंद्राकडून येणारा निदान १ डॉलर जातो.

माऊ_मी
ग्रीन कार्डवाल्याने तिथे बोललेलं चालतं का? आमची सिटिझनशिपची फाइल आत आहे म्हणून नवरा म्हणतो गप्प बस.

शेवंती
हिअरिंगला बोलायला नागरिक असायची अट मी तरी कुठे पाहिली नाही, आणि सिटिझनशिपच्या अर्जाला पब्लिक चार्जची (सरकारी मदतीवर अवलंबून आहात का याची) कसोटी लागत नाही. तरी तुमच्या वकिलाला एकदा विचारा, भीती घेऊन माइकसमोर जाऊ नका.

निशिगंध_०७
आत्ता हे असं झालंय, मराठीतच लिहिते: 'माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. रात्री त्याची ट्यूब बंद झाली तर कोणीतरी जागं असावं लागतं. आज ती नर्स असते. स्लॉट गेला तर त्याचं मेडिकेड जाईल, म्हणून नर्सही जाईल, आणि मग त्याच्यासाठी सुरक्षित जागा एकच, आयसीयू. तो खर्च कोण करणार? स्लॉट कमी करू नका. आणि आज सांगा, आत्ता असलेल्या मुलांचे स्लॉट राहणार का?' इंग्लिशमध्ये म्हणून बघितलं, ५० सेकंद. केंद्राच्या डॉलरचं वाक्य शेवटी घालतेय. ट्रेकची रात्र काढली, ती लेखीत आहे. मुलाला न्यायचं का? ग्रुप म्हणतो ने.

जुनं_खोड
न्या. त्याला बघितल्यावर कोणाची हिंमत होणार नाही.

शेवंती
नको. १७ वा नंबर म्हणजे ३-४ तास, सक्शन मशीन, गर्दी, खोकणारी माणसं. फोटो ने मोठा.

जुनं_खोड
हे मात्र बरोबर आहे, खोकणाऱ्यांचं लक्षात नाही आलं. फोटोच न्या.

निशिगंध_०७
(शुक्रवार) बोलले. आवाज एकदा गेला, थांबले, पाणी प्यायले, परत सुरू केलं, १ मिनिट ४० सेकंदांत झालं. अध्यक्षांनी विचारलं की स्लॉट आणि नर्सचा संबंध काय, तो परत समजावून सांगता आला कारण शेवंतीताईंची साखळी तोंडपाठ होती. मग त्यांनी खात्याच्या माणसाला विचारलं, आत्ताच्या मुलांचं काय? तो म्हणाला लेखी उत्तर देऊ. मंगळवारपर्यंत द्या म्हणाले. मतदान अजून झालेलं नाही. लेखी कॉपीवर त्यांनी फोटो क्लिपने लावून घेतला.

माऊ_मी
वाचून रडू आलं. आमच्या राज्यात पुढच्या महिन्यात आहे, वकील बोल म्हणाला. क्लार्कचा नंबर कुठे शोधायचा?

पायवाट
विधानसभेच्या साइटवर कमिटीचं पान असतं, त्यात. राज्य कुठलं?