पारा: पातळ, द्रव की रस?

विचारणा: भाचीच्या वहीत ‘पारा हा पातळ धातू आहे’ असं वाक्य होतं. बाईंनी ‘पातळ’ खोडून ‘द्रव’ केलं. आमच्याकडे तेल, ताक सगळं पातळच म्हणतात. मग इथे का चालू नये? शिवाय पुस्तकात ‘कक्ष तापमानाला’ असं आहे, ते किती धरायचं?

प्रतिसाद: बाईंनी केलं ते योग्यच. ‘पातळ’ हा दाट किंवा जाड यांच्या उलट जाणारा शब्द. आमटी पातळ, कापड पातळ, पत्रा पातळ. ‘पातळ धातू’ म्हटलं की आधी पत्राच आठवतो. ‘द्रव’ अवस्था सांगतो: वाहतो, भांड्याचा आकार घेतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असूनही द्रवच.

याच्या जोडीला ‘रस’ हा शब्दही पाहा. भट्टीत वितळलेल्या लोखंडाला आपण लोखंडाचा रस म्हणतो, भूगोलात शिलारस आणि लाव्हारस येतात. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात तर ‘रस’ म्हणजे पाराच, म्हणूनच पाऱ्याच्या संयुगांना रसकर्पूर, रससिंदूर अशी नावं. आजच्या मराठीत मात्र धातूचा रस म्हटलं की मुळात घन असलेलं काहीतरी तापून वितळलंय असं डोळ्यांसमोर येतं. पारा गोठतो उणे ३९ अंशांच्या आसपास, तो घन झालेला आपण बघतच नाही. तेव्हा पाऱ्याला द्रव म्हणावं. गॅलियम या धातूला ‘रस’ छान शोभतो! २९.८ अंशांना वितळतो, तळहातावर धरला की हाताच्या उबेनंच त्याचा रस होतो.

दुसरा प्रतिसाद: कक्ष तापमान बहुधा २५ अंश सेल्सियस धरतात. तेवढ्याला द्रव असणारी मूलद्रव्यं दोनच, पारा आणि ब्रोमीन. ब्रोमीन अधातू, लालसर तपकिरी. त्याच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतात. बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८२६ साली ते जाहीर केलं, आणि नाव पडलं ते दुर्गंधी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

पण ‘कक्ष’ कुठला, हा प्रश्न उरतोच. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे ४५ अंश होतात. तिथल्या भर उन्हात सीझियम (वितळणबिंदू २८.५), गॅलियम आणि रुबिडियम (३९.३) हे तिन्ही धातू द्रव असतील. अर्थात सीझियम आणि रुबिडियम हवा लागली की पेट घेतात, त्यामुळे ते बंद काचनळीतच ठेवावे लागतात. मुलांना लिहून देताना मी तरी ‘२५ अंशांना’ असा आकडाच घालायला सांगेन. ‘पारा हा एकमेव द्रव धातू’ हे विधान त्या आकड्याशिवाय खरं ठरत नाही.

विचारणा: पटलं. द्रव आणि वायू दोन्ही वाहतात, त्यांना मिळून एक शब्द आहे का?

प्रतिसाद: आहे, ‘द्रायू’. द्रव आणि वायू यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं ‘द्रायुयामिकी’ हे नाव त्यावरूनच आलं.