न्यूटन्स रिंगचं उत्तर ५८९३ आलंच पाहिजे का?

खडूची धूळ
एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवतो. मागच्या आठवड्यात ६६ जर्नलं (प्रयोगवह्या) तपासायला घेतली. न्यूटन्स रिंगच्या प्रयोगात (काचेत दिसणाऱ्या रिंगा मोजून सोडियम लॅम्पच्या उजेडाची वेव्हलेंग्थ काढतात, पुस्तकी उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम) एका पोराने पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं होतं, 'पाचव्या रिंगचं रीडिंग अंदाजे, नंतर घेणे.' पुढे चौदा जर्नलांत तीच ओळ निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. एकीने तर तिच्याखाली पट्टीने रेघसुद्धा मारली होती.

आधी हसलो. मग त्या चौदाही जणांचं त्या प्रयोगाचे टर्मवर्कचे (जर्नलचे) मार्क शून्य केले. स्टाफरूममध्ये मलाच वेड्यात काढलं, "अहो, जर्नल स्वतःचं स्वतः कोण लिहितं?" माझं म्हणणं, जो आज रीडिंग छापतो तो उद्या सिमेंटचा टेस्ट रिपोर्ट छापेल. तुम्हाला काय वाटतं?

केटीबहाद्दर
सर, सेकंड इयरला आहे, राग मानू नका. आमच्या लॅबमध्ये ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप पाच. त्यातल्या दोघांचा स्क्रू अडकतो. एका मशीनवर चार-पाच जण, त्यातला एक डोळा लावणार, बाकीचे त्याच्या खांद्यावरून सोडियम लॅम्पचा पिवळा उजेड बघणार. तरी मी मन लावून सगळ्या रिंगा मोजल्या. वेव्हलेंग्थ आली ६२१०. सरांनी लाल पेनाने गोल केला, 'चूक. पुन्हा करा.' पुन्हा करायला मशीन रिकामं नव्हतं. मित्राचं ५८९३ आलं होतं, ते उतरवलं, सही मिळाली. छापायला कोणी शिकवलं, सांगा.

काचेखालचा बल्ब
१९९० च्या बॅचचा सिव्हिलवाला. आम्ही ड्रॉइंगच्या शीट जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायचो. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच, खाली बल्ब, काचेवर टॉपरची शीट, वर आपली कोरी. रात्रभर हॉस्टेलची अर्धी विंग जागी. म्हणून काय आमचे पूल पडले? जर्नल म्हणजे हमाली आहे, तिला नीतिमत्तेचं नाव देऊ नका.

खडूची धूळ
@काचेखालचा बल्ब, पूल उभे आहेत ते साइटवर कोणीतरी तुमची आकडेमोड दुसऱ्यांदा तपासली म्हणून.
@केटीबहाद्दर, ६२१० ला 'चूक' लिहिणारा मीसुद्धा असू शकतो. तेवढं लागलं.

मार्गदर्शिका
पीएचडीला गाइड आहे. यूजीसीने २०१८ मध्ये प्रबंधांतल्या उचलेगिरीसाठी नियम आणले. दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबा, ६० च्या वर नोंदणी रद्द. परिणाम काय? विद्यार्थी 'हे कोणाचं आहे' असं विचारत नाहीत, 'मॅडम, नऊ टक्के आलंय, चालेल ना?' असं विचारतात. मग शब्द फिरवतात, 'महत्त्वपूर्ण'च्या जागी 'मोलाचे'. मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असला तर सॉफ्टवेअरला तो निव्वळ अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो, शून्य टक्के साम्य! त्यामुळे खडूची धूळ यांच्या बाजूने आहे. पेन्सिलीची ओळ ओळखायला माणूसच लागतो.

राइनकाठचा पुणेकर
जर्मनीत मास्टर्स करतोय. इथे प्रबंधासोबत सही करून द्यावी लागते की हे काम माझं, वापरलेले सगळे स्रोत नोंदवले आहेत. ती सही गांभीर्याने घेतात. २०११ साली संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट उचलेगिरीपायी गेली, पाठोपाठ मंत्रिपदही. पण आमच्या कोर्सला आठवड्याची गणितं दोघांनी मिळून सोडवून एकच कागद द्यायची मुभा आहे, आणि तसं पहिल्याच तासाला सांगतात. कुठवर मिळून करायचं हे पुण्यात मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

केटीबहाद्दर
त्या मंत्र्यामुळे आमचा स्क्रू सुटणार आहे का? पण शेवटचं वाक्य पटलं. आम्हाला 'ग्रुपमध्ये करा' म्हणतात आणि ग्रुपची रीडिंग सारखी आली की 'कॉपी'. एका मशीनवरच्या पाच जणांची रीडिंग वेगळी येणार कशी?

काचेखालचा बल्ब
आणि हाताने लिहायची सक्ती कशाला? पुतण्या थिअरी चॅटजीपीटीकडून घेतो आणि सुंदर अक्षरात उतरवतो. कॉपीच, फक्त बोटं दुखतात.

खडूची धूळ
ठीक. रीडिंगचा तक्ता ग्रुपचा एकच, खाली सगळ्यांच्या सह्या. थिअरी लिहायची नाही. आकडेमोड आणि 'उत्तर असं का आलं' हे ज्याचं त्याने. ६२१० आलं तर ६२१० च लिहायचं. स्क्रू मागे-पुढे फिरवला की बॅकलॅश येतो (आट्यांतल्या ढिलाईमुळे रीडिंग चुकतं), हे ज्याला सांगता येईल त्याला पूर्ण मार्क. बॅच २२ ची, प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी, म्हणजे ११० मिनिटं. प्रॅक्टिकल दोन तासांचं. बसतं. चौदा शून्यं मात्र तशीच राहतील.

मार्गदर्शिका
पेन्सिलवाल्याचं काय केलंत?

खडूची धूळ
त्याला बोलावलं होतं. पाचव्या रिंगचं रीडिंग घ्यायचं अजून राहिलंच आहे म्हणाला.

केटीबहाद्दर
मशीन रिकामं झालं की कळवा त्याला.