‘जूनचं मत म्हणजे टाइमपास’ म्हणणाऱ्यांना उत्तर: कॅलिफोर्नियाच्या ५२ जागा

सनीवेलकर
काल दुसऱ्या एका धाग्यावर ‘नाणेफेक’ यांनी पिंक टाकली: "प्रॉप ५० पास झालं, नकाशे ठरले, हाउसच्या ५२ जागांचा निकाल लागल्यातच जमा. २ जूनच्या प्रायमरीत मत देणं म्हणजे टाइमपास. नोव्हेंबरात बघू." खाली +१ ची रांग. (नवख्यांसाठी: प्रॉप ५० म्हणजे हाउसचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, मतदारसंघ नव्याने आखणारा राज्यभर मतदानाला टाकलेला प्रस्ताव. प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीची उमेदवार गाळायची फेरी, या वेळी २ जून २०२६.) प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

नेमकं उलटं आहे. जागा जितकी एकतर्फी, तितका जून महत्त्वाचा. २०१२ पासून इथे हाउससाठी पक्षाची अशी प्रायमरी उरलेलीच नाही. मतदारांनीच मंजूर केलेल्या प्रॉप १४ नंतर सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. जूनमध्ये कुणी ७० टक्के घेतले तरी नोव्हेंबर टळत नाही. आणि नोव्हेंबरात राइट-इनची (मतपत्रिकेवर नसलेलं नाव हाताने लिहायची) सोयही नाही, त्यामुळे जूनमध्ये गळलेलं नाव कायमचं गळलं.

गणित बघा. मतदारसंघ ५५-४५ असा डेमोक्रॅट्सकडे झुकलेला आहे. पाच डेमोक्रॅट उभे राहिले आणि मतं फुटली: २०, १३, १०, ७, ५. रिपब्लिकन दोनच, २४ आणि २१. नोव्हेंबरात कोण? दोन्ही रिपब्लिकन. ५५ टक्केवाले घरी. ही कल्पना नाही. २०१२ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या ३१व्या डिस्ट्रिक्टात चार डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन होते. गॅरी मिलर आणि बॉब डटन हे दोघे रिपब्लिकन पुढे गेले आणि डेमोक्रॅट पीट अग्विलार तिसरे आले. त्याच नोव्हेंबरात त्याच डिस्ट्रिक्टात ओबामा आरामात जिंकले. अग्विलारना २०१४ ची वाट बघावी लागली.

अजून जवळचं हवं असेल तर २०२४ चा १६वा घ्या. सॅम लिकार्डो पहिले. दुसऱ्या जागेवर इव्हन लो आणि जो सिमिटियन, दोघांनाही ३०,२४९. अगदी बरोबरी, म्हणून तिघांनाही नोव्हेंबरात पाठवायचं ठरलं होतं. मग फेरमोजणी झाली आणि ३०,२६१ विरुद्ध ३०,२५६. पाच मतं. सिमिटियन बाहेर.

टाइमपास म्हणे.

नाणेफेक
ज्यांची पिंक, ते हजर आहेत. एवढं लांबलचक लिहून मूळ मुद्द्याला बगल दिलीत, त्याबद्दल अभिनंदन.

माझा मुद्दा नकाशाचा होता. २०२४ मध्ये राज्यात ट्रम्पना साधारण ३८ टक्के मतं पडली आणि रिपब्लिकनांना ५२ पैकी ९ जागा मिळाल्या. तरी तो नकाशा स्वतंत्र आयोगाचा होता. आता १, ३, २२, ४१ आणि ४८ या रिपब्लिकनांच्या पाच जागा हेरून रेषा फिरवल्या. ४१ तर रिव्हरसाइड काउंटीतून उचलून लॉस एंजेलिस काउंटीत नेऊन ठेवला! आकडा तोच, गाव वेगळं. मतदार प्रतिनिधी निवडतो की प्रतिनिधी मतदार निवडतो?

२००८ आणि २०१० मध्ये मतदारांनीच विधिमंडळाच्या हातातून पेन काढून घेतलं होतं. १४ जणांचा आयोग: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ इतर. पहिले ८ जण सोडत काढून, उरलेले ६ त्या आठांनी निवडायचे. देशात याहून स्वच्छ पद्धत शोधून दाखवा. आणि ४ नोव्हेंबर २०२५ ला त्याच मतदारांनी सुमारे ६४ टक्क्यांनी ते पेन परत दिलं.

कोपरखळी
अहो नाणेफेक, सुरुवात कुणी केली ते सोयीस्करपणे गाळलंत. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्ससने जनगणना नसताना, मध्येच, ३८ जागांचा नकाशा पुन्हा काढला. पाच जागा वाढवायच्या म्हणून. तिथे मतदारांना विचारलं का? इथे निदान राज्यभर मतदान घेतलं. आणि मुदत लिहिलेली आहे: २०२६, २०२८, २०३० या तीन निवडणुका. २०३१ मध्ये पेन पुन्हा आयोगाकडे.

नाणेफेक
शेजाऱ्याने चोरी केली म्हणून मीही करणार, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव पास करून. वा.

सनीवेलकर
नकाशा वाईट आहे हे मान्य करायला माझी हरकत नाही. पण त्यावरून ‘मत देऊ नका’ कसं निघतं? सेंट्रल व्हॅलीतला २२वा घ्या, रिपब्लिकन डेव्हिड व्हालादाओंचा. कागदावर तो डेमोक्रॅट्सकडे सरकवलाय. पण शेतमजुरांची वस्ती, तरुण लॅटिनो मतदार, आणि अध्यक्षीय निवडणूक नसलेल्या वर्षी तिथलं मतदान धप्पकन खाली येतं. नकाशा काढणारा जुन्या निवडणुकांचे आकडे धरून रेषा मारतो, मतदार घराबाहेर पडेल की नाही ते त्या रेषेत नसतं. शेजारच्या १३व्यात २०२२ ला रिपब्लिकन जॉन डुआर्टे ५६४ मतांनी जिंकले, २०२४ ला तेच डेमोक्रॅट ॲडम ग्रेंकडून १८७ मतांनी हरले.

आणि ज्या जागा खरोखरच एकतर्फी आहेत तिथे तर जूनशिवाय काय आहे? सॅन फ्रान्सिस्कोच्या ११व्यातून नॅन्सी पलोसी निवृत्त होतायत. स्कॉट वीनर, सैकत चक्रवर्ती, कॉनी चॅन, सगळे डेमोक्रॅट. घरं, भाडी, परराष्ट्र धोरण, यावर त्यांच्यात जो फरक आहे तोच तिथला खरा सामना.

देशपांडे_मास्तर
१८७ मतं! आणि ती मोजायला ५ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबर उजाडला. भारतात त्याच वर्षी ६४ कोटी लोकांची मतं एका दिवसात मोजून संध्याकाळी पेढे वाटून झाले होते. जगाला संगणक विकणारं राज्य हे. मूळ धाग्याशी संबंध नाही म्हणाल, पण माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

मोजपट्टी
मास्तर, दर निवडणुकीला हेच लिहिता, तर एकदा नीट होऊन जाऊ द्या.

भारतात मतदार एक बटण दाबतो, एका पदासाठी. इथे एकाच मतपत्रिकेवर गव्हर्नर, हाउस, असेंब्ली, काउंटीतली पदं, न्यायाधीश, शिवाय प्रस्ताव. आणि प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला ती घरपोच जाते. या वेळी ४ मेपासून. परत आलेलं पाकीट थेट यंत्रात जात नाही:

आधी पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडतात. जुळली की पाकीट उघडून मतपत्रिका वेगळी करतात, म्हणजे नाव आणि मत यांचा संबंध तुटला. मग घड्या सपाट करायच्या. चहा सांडलेली, फाटलेली, स्कॅनर घेत नाही अशी मतपत्रिका असेल तर तिची नक्कल नव्या कागदावर हाताने उतरवायची. त्यानंतर स्कॅन. २ जूनचा शिक्का असलेलं पाकीट ९ जूनपर्यंत पोचलं तरी चालतं. ऐनवेळी नोंदणी करून मत दिलेल्यांची पाकिटं सगळ्यात शेवटी, कारण त्याच माणसाने दुसरीकडे मत दिलेलं नाही ना हे आधी बघावं लागतं. आणि सरतेशेवटी एक टक्का केंद्रं सोडतीने निवडून त्यांची मतं हाताने मोजतात.

बहुतेक जण शेवटच्या दोन दिवसांत पाकीट टाकतात. तो गठ्ठा निवडणुकीच्या रात्री नुसता पडून असतो. उशीर तिथे होतो, संगणकात नाही.

देशपांडे_मास्तर
म्हणजे रोग टपाली मतदानाचा आहे. बंद करा. केंद्रावर या, बोटाला शाई लावा, घरी जा. एवढं साधं आहे. सह्या ताडत बसलेत, बँकेच्या चेकसारख्या.

मोजपट्टी
मंगळवार हा इथे कामाचा दिवस असतो, सुट्टी नसते, हे मास्तरांना माहीत नसेल असं नाही. आणि भारतातलं गुणगान गाताना अर्धवट गाऊ नका. तिथे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या जुळवतात. सगळ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. त्यानंतर जूनमध्ये वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ४८! संध्याकाळचे पेढे गोड लागले, वाद मात्र किती दिवस चालला आठवतंय ना? इथे १८७ मतांना महिना लागला, पण प्रत्येक मताचा कागद हातात होता आणि डुआर्टेंनी हार मान्य केली.

देशपांडे_मास्तर
बाई, तुम्हाला भारतातलं काहीच चांगलं दिसत नाही, हे नेहमीचंच.

मोजपट्टी
बाई की बाप्या हे नावावरून ठरवू नका. आणि मुद्दे संपले की देशप्रेम काढायचं, हेही नेहमीचंच.

कोपरखळी
🍿

सनीवेलकर
धागा कुठून कुठे गेला! असो, सहीचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहा, मोजपट्टी. आपल्या लोकांची पाकिटं तिथेच अडकतात.

मोजपट्टी
हो. सही इंग्रजीतच हवी असं काही नाही, देवनागरीतली चालते. नोंदणीतलीसारखी हवी, एवढंच. घोळ होतो तो असा: नोंदणी डीएमव्हीत (वाहन परवान्याच्या सरकारी कचेरीत) झालेली असते, तिथे काचेच्या पाटीवर काठीने गिरवलेली वेडीवाकडी सही, आणि पाकिटावर मात्र वडिलांच्या नावासकट ऐसपैस मराठी सही. किंवा नवरा-बायकोची पाकिटं डायनिंग टेबलावर अदलाबदल होतात. किंवा सही राहूनच जाते.

पण नुसती वेगळी वाटली म्हणून कुणी फेकून देत नाही. सही मतदाराचीच आहे असं धरून सुरुवात करायची असा नियम आहे, आणि बाद करायची तर आणखी दोन अधिकाऱ्यांचं ‘निःसंशय वेगळी’ यावर एकमत व्हावं लागतं. मग काउंटीचं पत्र येतं, सोबत एक फॉर्म असतो, त्यावर सही करून परत पाठवायचा. हे पत्र लोक जाहिरात समजून केराच्या टोपलीत टाकतात. मतपत्रिका कुठे पोचली ते कळवणाऱ्या ‘व्हेअर्स माय बॅलट’ सेवेला आधीच नाव नोंदवलं तर फोनवर मेसेज येतो.

दुसरं, पोस्टाचा शिक्का. पेटीत टाकलं त्याच दिवशीचा शिक्का बसेल असं आता धरून चालू नका, छाननी केंद्रात पोचेपर्यंत तारीख उलटलेली असू शकते. अगदी २ जूनवरच आलात तर खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून घ्या, नाहीतर काउंटीची ड्रॉप बॉक्स.

सनीवेलकर
यात नोंदणीचा एक घोळ जोडतो. ‘आपण कुठल्याच पक्षाचे नाही’ म्हणून फॉर्मवर ‘अमेरिकन इंडिपेंडंट’वर टिक मारणारे खूप आहेत. तो एक पक्ष आहे राव, तोही चांगलाच उजवा! कुठलाच पक्ष नको असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’. हाउसच्या प्रायमरीत त्याने काही अडत नाही, कुणालाही मत देता येतं. वेगळी मतपत्रिका मागण्याची भानगड फक्त अध्यक्षीय प्रायमरीत. नोंदणी १८ मेपर्यंत, त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन.

रांगेतला_१४२
तुमचं छान चाललंय. आम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर), कर सगळे भरतो, सोशल सिक्युरिटी कापली जाते, आणि मत शून्य. प्रतिनिधित्वाशिवाय कर नको म्हणून चहा समुद्रात फेकणारा देश हा. निदान आवडत्या उमेदवाराला शंभर डॉलर पाठवता येतील ना?

मोजपट्टी
नाही!! थांबा. एच-१बी, एच-४, एफ-१, कुणीही एक डॉलरसुद्धा नाही, तो फेडरल गुन्हा आहे. मित्राच्या कार्डवरून त्याला रोख देऊन तर मुळीच नाही, तो वेगळा गुन्हा. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते: या वेळी एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगवेगळे धरून ७,०००. पैसे न घेता फोन करणं, दारोदार पत्रकं वाटणं हे व्हिसावरही चालतं. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी डीएमव्हीत नोंदणीच्या चौकटीत चुकून टिक मारू नये. नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ असा थेट प्रश्न असतो.

रांगेतला_१४२
म्हणजे राबायचं फुकट, बोलायचं नाही. घरच्यासारखंच वाटलं.

नाणेफेक
मला वाटतं सनीवेलकरांना त्यांच्या टॉप-टूचं फारच कौतुक आहे. पहिले दोन एकाच पक्षाचे आले की दुसऱ्या पक्षाचा मतदार नोव्हेंबरात काय करतो? ती जागा कोरी सोडतो. १७व्यात २०१४ आणि २०१६ ला माइक होंडा विरुद्ध रो खन्ना झालं, दोघेही डेमोक्रॅट. रिपब्लिकनांनी काय, नाणं उडवायचं?

सनीवेलकर
उडवायचं कशाला, ठरवायचं. २०१४ ला खन्ना हरले, २०१६ ला जिंकले. पक्षाचीच प्रायमरी असती तर नोव्हेंबरात रिपब्लिकनांच्या मताला तिथे शून्य किंमत होती. इथे निदान दोघांपैकी कोण हे सांगता आलं.

दुसरी पद्धत कशी चालते ते मिशिगनला बघा. आपले बेळगावचे श्री ठाणेदार, १३वा डिस्ट्रिक्ट, २०२२. पक्षाची प्रायमरी, नऊ उमेदवार, ठाणेदारांना २८ टक्के. झालं! डेट्रॉइटची जागा, नोव्हेंबर नावापुरता. ७२ टक्क्यांना दुसरा कुणीतरी हवा होता, पण दुसरी फेरी नाही. मराठी माणूस म्हणून आनंद आहेच, पण पद्धत म्हणून?

देशपांडे_मास्तर
मराठी माणूस पुढे गेला की पाय ओढायला दुसरा मराठी माणूस लागतोच.

नाणेफेक
मास्तर, पाय नाही, टक्केवारी ओढतायत ते. बरं सनीवेलकर, जूनबद्दल तुमचं बरोबर आहे, लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पाच मतांचं उदाहरण मला माहीत नव्हतं. नकाशाबद्दल एक अक्षरही मागे घेत नाही. पाकीट टेबलावर पडलंय, २ जूनला रात्री पेटीत टाकेन.

मोजपट्टी
रात्री म्हणजे ८ च्या आत. ८ वाजता पेटीला कुलूप लागतं. त्या क्षणी रांगेत उभे असाल तर घेतात, पार्किंग शोधत असाल तर नाही.