वेग शून्य, तरी त्वरण कसे?

प्रश्न: शिवाजी पार्कवर सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, तरीही तेथे त्याचे त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, हे मुलीला कसे समजावून सांगावे?

उत्तर १: त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर; त्या क्षणाच्या ०.१ सेकंद आधी चेंडू सुमारे १ मीटर प्रति सेकंद वेगाने वर जात असतो आणि ०.१ सेकंदानंतर तेवढ्याच वेगाने खाली येत असतो, म्हणजे बदल अखंड चालूच असतो. त्वरण शून्य असते, तर चेंडू तेथेच लटकून राहिला असता.

उत्तर २: तिला लोकलमध्ये दोऱ्याला बांधलेली किल्ली धरायला द्या. गाडी सुटताना किल्ली मागे कलते, पण सरळ रुळांवर वेग स्थिरावला की कितीही वेग असला तरी ती सरळ लोंबते. म्हणजे किल्लीचे कलणे वेग नव्हे, त्वरण दाखवते; सुटण्याच्या क्षणी वेग जवळजवळ शून्य असूनही त्वरण असते, तसेच चेंडूचे.