मदत हवी आहे: वायफाय एकच, खाली मुलगा, वर भाडेकरू

साखर पेठेत दुमजली घर. खाली आम्ही आणि सातवीतला मुलगा, वर पंचविशीतले दोन भाडेकरू. वायफाय भाड्यातच धरलंय.

मुलाच्या टॅबवर नको ते पान उघडं दिसलं, म्हणून राउटरला क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ डीएनएस टाकला (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा; हा अश्लील साइट अडवणारा). पण तो वरच्यांनाही लागू झाला. एकाने जिन्यातच गाठलं, "काका, आम्ही काय लहान आहोत का?" त्याचं चुकत नाही. सज्ञान माणसाने आपल्या खोलीत काय बघावं, हे मी कोण ठरवणार?

मग वरच्यांसाठी गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांचं वेगळं वायफाय) सुरू केलं, पण आमच्या राउटरमध्ये दोन्हींना डीएनएस एकच. टॅबवर गूगलचं फॅमिली लिंक (पालकांसाठीचं नियंत्रण ॲप) आहे, सेफसर्च (शोधात अश्लील निकाल गाळणारं सेटिंग) चालू आहे. जुन्या विंडोज लॅपटॉपवर मात्र चिरंजीवांनी क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' (राउटरचा सोडून ब्राउझरचा स्वतःचा डीएनएस) बदलून राउटरचं कुंपण ओलांडलं!

दुसरं कनेक्शन परवडणार नाही. आणि कुणाचीही, मुलाचीसुद्धा, हिस्टरी चोरून बघायची नाही. त्याच्याशी बोलणं चालूच आहे.

गेस्ट नेटवर्कला वेगळा डीएनएस देणारा, अडीच हजारांच्या आतला राउटर कुणी वापरलाय का? आणि लॅपटॉपवरचं ते क्रोमचं सेटिंग मुलाला बदलता येणार नाही असं कुलूपबंद कसं करायचं?