मदत हवी आहे: सोनोग्राफी सेंटरला रिसेप्शनवर आहे, एफ फॉर्मची चूक कोणाच्या माथी?

नमस्कार. नागपूरला धंतोलीत एका सोनोग्राफी सेंटरमध्ये सव्वा वर्षापासून रिसेप्शनला आहे. घेताना काम सांगितलं होतं फोन, अपॉइंटमेंट आणि बिल. त्याची तक्रार नाही. पाणी पिऊन पोट तुडुंब झालेले पेशंट काउंटरवर येतात, "मॅडम, काहून टाइम लागून राहिला?" त्यात मधेच इमर्जन्सी आत घेतली की झालंच. एकदा बाथरूमला जाऊन आलं की पुन्हा तासभर पाणी पीत बसायचं, त्यामुळे त्यांचा रागही खराच असतो.

अडचण एफ फॉर्मची आहे, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरावा लागतो तो फॉर्म. गरोदर बाई आली की वय, पत्ता, आधीचे मुलगे किती, मुली किती, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, सगळं मीच लिहिते. लिंग जाणून घ्यायचं नाही या मजकुराखाली तिची सही मीच घेते. बाजूला सासूबाई हळूच विचारतात, "पेढे की बर्फी, एवढंच सांग ना पोरी." मागे भिंतीवर भलामोठा बोर्ड आहे, तरी!

गेल्या आठवड्यात कानाला फोन, समोर बालाघाटहून पहाटे निघालेलं कुटुंब, आणि एका फॉर्मवर पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव राहून गेलं. सरांनी भरल्या वेटिंगमध्ये झापलं, "मशीन सील झाली तर तू येशील का सोडवायला?" पगारवाढ मागितली तेव्हा मात्र "तू तर फक्त रिसेप्शनिस्ट."

अशी चूक माझ्यावर शेकेल का? आणि सरांना हे कसं सांगू?

प्रतिसाद: ताई, मी असंच काम सहा वर्षं केलं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यात फॉर्ममधली त्रुटीही उल्लंघन धरतात, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं असतं सोनोग्राफी करणाऱ्याने. म्हणजे सर घाबरतात ते उगाच नाही. त्यांना एवढंच म्हणा, "सर, पेशंट टेबलवर घ्यायच्या आधी फॉर्मवर एकदा नजर टाकत जा." त्यांच्याच फायद्याचं आहे, नाही म्हणणार नाहीत. तुम्ही मात्र मागाहून रकाना भरू नका, कोणाच्या नावाने सही ठोकू नका. महिन्याचा रिपोर्ट पुढच्या 5 तारखेच्या आत जातो, तेव्हा घाईत हेच करायला सांगतात. फॉर्म भरताना फोन खुशाल वाजू द्या.