आखाजीच्या दुसऱ्या दिवशी काटा दोन किलो पुढे: तुमचा अनुभव लिहा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते, अमळनेर तालुक्यात. झोके, गौराईची गाणी आणि दुपारी खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया-पापड. आई खापरावर पोळी टाकत होती आणि मी शेजारी बसून गरम गरम खात होते. रात्री उरलेल्या रसासोबत पुन्हा तेच. परत जळगावला आले आणि सकाळी काट्यावर उभी राहिले. निघताना ६३ होते, आता ६४.९.

पाच महिने पहाटे मेहरूण तलावाला चालत होते. ते सगळं एका दिवसात पाण्यात गेलं असं वाटून मी दोन दिवस जवळपास काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यासमोर चक्कर आली आणि मुलींनी धरून खुर्चीवर बसवलं. मी विज्ञान शिकवते, आणि साधा हिशेब मला संध्याकाळी सुचला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. १.९ किलो चरबी चढायची तर गरजेच्या वर चौदा हजारांहून जास्त कॅलरी एका दिवसात पोटात जायला हव्यात. कितीही पोळ्या खाल्ल्या तरी ते शक्य नव्हतं. मग काट्यावर काय चढलं होतं? पोटातलं अन्न, पापड-कुरडयांच्या मिठाने धरलेलं पाणी, आणि गोडाधोडाबरोबर साठलेलं पाणी. चार-पाच दिवसांत काटा आपोआप ६३.२ वर आला.

माझ्यासारखं कोणी उपाशी राहून चक्कर येऊन पडू नये, म्हणून हा धागा. आकडे, वेळ, आदल्या दिवशीचं जेवण, सगळं सविस्तर लिहा.

धरणगावकडचा शेतकरी

ताई, कापूस पिकवणाऱ्याला हे पटकन समजेल. दवाच्या वेळी वेचलेला कापूस जड भरतो, तोच दुपारचं ऊन खाल्लं की हलका. म्हणून तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आधी ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. तिथे ओलावा म्हणजे रुई नव्हे हे आपण कोणालाही समजावून सांगतो. स्वतःच्या अंगाला मात्र हा नियम लावत नाही.

मागच्या मे महिन्यात कपाशी लागवडीआधी ठिबकच्या नळ्या अंथरत होतो. पोराने नवा काटा आणला होता म्हणून करून बघितलं. सकाळी सहाला ६८.४. अकराला घरी आलो तर ६७.१. आणि मधे मी दोन लिटरची कळशी संपवली होती! म्हणजे पाच तासांत तीन लिटरच्या वर पाणी अंगातून गेलं, बहुतेक घामानेच. ओसरीवर बसून दोन तांबे पाणी आणि तांब्याभर ताक प्यालो, अर्ध्या तासाने पुन्हा उभा राहिलो तर दीड किलोने वर. एक लिटर पाणी प्यायलं की काटा एक किलो दाखवणारच, ते कुठे जाणार? उन्हाळ्यात वजन उतरलं म्हणून खूश होणाऱ्यांनी आधी लघवीचा रंग बघावा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

भुसावळ, रेल्वेत रात्रपाळी

माझं सगळं शेवभाजीवर येऊन थांबतं. पाळी सुटली की आम्ही चौघं धाब्यावर. तिखट रस्सा, वरून पापड, लोणचं. दुसऱ्या दिवशी बोटातली अंगठी निघत नाही, मोज्यांचे वण पायावर खोल उमटतात आणि काटा किलोभर वर. एका नातेवाईकाला सलाइन लावलं होतं तेव्हा बाटलीवर ०.९ टक्के वाचलं. म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. अंगातल्या पाण्याचा खारटपणाही त्याच्याच जवळपास असतो, असं तिथल्या सिस्टरनी समजावलं. तेव्हा ट्यूब पेटली: चार-पाच ग्रॅम मीठ जास्त गेलं की मूत्रपिंड ते बाहेर काढेपर्यंत शरीर अर्धा लिटर पाणी धरून बसतं. वरण-बट्टीच्या पंगतीनंतर मला एवढा फरक दिसत नाही, शेवभाजीनंतर हमखास दिसतो.

आणखी एक. रात्रपाळीवाल्यांनी 'सकाळी' वजन करण्याचा अर्थ झोपून उठल्यावर असा घ्यावा, मग घड्याळात दुपारचे तीन का असेनात.

धुळे, वय २७

हे लिहायला संकोच वाटत होता, पण लिहिते. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत माझं वजन दीड किलोपर्यंत वाढतं. छाती जड, पोट फुगलेलं, जीन्सचं बटण लागत नाही. लग्नाचं बघणं सुरू होतं तेव्हा नेमके हेच दिवस आले आणि घरातल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "जाड झाली का वं माय?" मी महिनाभर भात सोडला.

मग मावसबहिणीने सांगितलं म्हणून तीन महिने वहीत लिहिलं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला पाळीचा कितवा दिवस. तिन्ही महिने तोच उंचवटा, त्याच जागी, आणि पाळी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच उतार. आता मी या महिन्याचा दहावा दिवस मागच्या महिन्याच्या दहाव्या दिवसाशी ताडून बघते. कालचा आजशी नाही. ती वही आईला दाखवली. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आमच्या वेळी कोणी सांगितलंच नाही.

शिरपूर

नवरात्रात नऊ दिवस फक्त दूध आणि फळं, तीही थोडीच. तिसऱ्या दिवशी २.१ किलो कमी! मैत्रिणींना फोटो पाठवला काट्याचा. नंतरच्या सहा दिवसांत मिळून आठशे ग्रॅम उतरलं. दसऱ्याला जेवले, आणि दोन दिवसांत १.८ परत. रडू आलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं. उपासात आधी तो साठा बराचसा उतरतो आणि आपलं पाणी घेऊन जातो, पोळी खाल्ली की दोन्ही परत येतात. माझी खरी घट त्या सावकाश उतरलेल्या ग्रॅमांत होती, जिच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

पाचोरा

जिम लावली, पहिल्या आठवड्यात ९०० ग्रॅम वाढलं. ट्रेनर म्हणाला दुखऱ्या स्नायूंत पाणी भरतं, थांब. थांबलो. तिसऱ्या आठवड्यात उतरलं.

शहादा तालुका, आशा कार्यकर्ती

मी मोठ्या माणसांचं नाही, बाळांचं लिहिते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. झोळीचा काटा सोबत असतो. तिसऱ्या दिवशी बाळ जवळजवळ नेहमी जन्माच्या वजनापेक्षा कमी भरतं, कारण अंगातलं जास्तीचं पाणी जातं आणि आईचं दूध नुकतंच उतरत असतं. पाड्यावर एका घरात २,८०० ग्रॅमचं बाळ तिसऱ्या दिवशी २,६२० भरलं. आजीने काट्यावरचा आकडा बघितला आणि तिथल्या तिथे निर्णय दिला, हिचं दूध पुरत नाही, वरचं दूध आणा. ती पोरगी एकोणीस वर्षांची, डोळ्यांतून पाणी. मी आजीला हात धरून बसवलं, बाळाला छातीशी नीट लावून दाखवलं, दिवसातून किती वेळा लघवी करतं ते विचारलं. बाळ ओलं करत होतं, अंगावर नीट ओढत होतं. सातव्या दिवशी २,७१०. चौदाव्या दिवशी २,९००, आणि आजीनेच शेजारणींना बोलावून काटा दाखवला.

दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, बाळ सुस्त पडलं, ओढेना झालं किंवा दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं नाही तर मात्र मी घरी थांबू देत नाही, लगेच दवाखाना.

काट्याबद्दलही सांगते. झोळी रिकामी टांगून काटा शून्यावर आणल्याशिवाय बाळ ठेवायचं नाही. मोठ्यांचा काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

चोपडा

सगळे चढउतार निरुपद्रवी नसतात, म्हणून माझं वाचा. वडिलांना हृदयाचा त्रास आहे. मागच्या हिवाळ्यात पाच दिवसांत त्यांचं वजन तीन किलोने वाढलं. आम्ही म्हटलं, भरताचे दिवस आहेत, कळण्याची भाकरी, लोणी, चार घास जास्त जात असतील. मी स्वतः त्यांना आग्रह करून वाढत होतो. पायांवर सूज होती, बोटाने दाबलं की खड्डा राहायचा. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसत. सहाव्या रात्री गाडी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर असलं की पाणी साचतं आणि काटा ते बहुतेक वेळा आधी सांगतो. आता सूचना अशी: एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं की फोन करायचा, वाट बघायची नाही. किडनीच्या रुग्णांनाही त्यांच्या डॉक्टरांनी असाच आकडा दिलेला असतो. तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

सावदा

मला उलट सांगायचंय. माझं काही उड्या मारत नव्हतं, नुसतं उतरत होतं. चार महिन्यांत सहा किलो, काहीही न करता. केळीच्या कापणीचा हंगाम होता, धावपळीने होत असेल असं धरून चाललो. तहान लागायची, रात्री तीनदा उठायचो. तपासलं तर साखर खूप वाढलेली. एका दिवसाचा आकडा सोडून द्या, पण एकाच दिशेला चाललेला काटा सोडू नका.

धागा सुरू करणारी, जळगाव

सावद्याचे दादा, हेच मला नीट मांडता येत नव्हतं. कोणी विचारलं होतं की मी आता कसं लिहिते. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, आणि आठवड्याची सरासरी. माझे दोन आठवडे देते. पहिला: ६३.४, ६४.१, ६३.८, ६३.२, ६४.६, ६३.९, ६३.३. दुसरा: ६३.०, ६३.५, ६४.२, ६३.४, ६३.१, ६२.९, ६३.३. दोन्ही रविवारी ६३.३. फक्त रविवार बघितला असता तर काहीच हललं नाही म्हणून चालणं सोडलं असतं. सरासरी ६३.८ वरून ६३.३ झाली आहे.

पण ज्यांना रोजचा आकडा बघून दिवसभर जीव लागत नाही, त्यांनी काटा कपाटात ठेवावा. मी पण आखाजीनंतर महिनाभर ठेवला होता.

चोपड्याचे दादा, वडील कसे आहेत आता?

चोपडा

बरे आहेत, ताई. आज सकाळी ५८.४, काल ५८.२. वही काट्याच्या वर खिळ्याला टांगली आहे, पेन दोऱ्याने बांधलंय. आता ते स्वतःच लिहितात, आणि मी विसरलो तर मला हाक मारून आकडा सांगतात.